गाळपेर

निफाडची थंडी अंगावर घेतच इथे यावं लागतं. माघातली पहाट असावी. सायखेड्याच्या बाजूने येताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षबागा लागतात, आणि पारा फार उतरलेल्या रात्री त्या बागांत शेकोट्या पेटलेल्या असतात. घडांना थंडी बाधू नये म्हणून माणसं रात्रभर जागी राहून विस्तव सांभाळतात. त्या धुरातून बाहेर पडलं की पुढे चापडगाव येतं, आणि गावापलीकडे, झाडांच्या मागे, दिवस उजाडायच्या आधीच उजळलेलं काहीतरी आडवं पसरलेलं दिसतं. ते नांदूर मध्यमेश्वरचं पाणी.

पक्षी पाहायच्या मनोऱ्यावर चढायची घाई करू नका. काठापासून थोडं मागे, एखाद्या बाभळीच्या आडोशाला बसा. दुर्बीण गळ्यात असू द्या, डोळ्यांना लावू नका. हात शालीत घ्या. अजून काही शोधायचं नाही. एवढ्या लांब येऊन न शोधता बसणं जड जातं. पहिली पाच-दहा मिनिटं मन सारखं विचारत राहतं : कुठे आहेत, किती आहेत, कोणते आहेत? त्याला विचारू द्या. तुम्ही उत्तर द्यायला जाऊ नका. थोड्या वेळाने ते आपोआप दमतं.

अंधारात आधी कान जागे होतात. टिटवी सगळ्यांच्या आधी बोलते, जणू काठाची राखण तिच्याकडेच दिली आहे. मग दूरवरून चक्रवाकांची नाकातली, जरा रडवेली साद येते. रात्री ताटातूट झालेली जोडी दोन थड्यांवरून एकमेकांना हाका मारते, असं आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत; ही साद ऐकली की ते कुणाला का सुचलं असेल ते कळतं. पण आज या मोठ्या आवाजांपाशी थांबू नका. त्यांच्या खाली एक बारीक पदर आहे. पातळ, तुटक, टिपटिप पडणारे आवाज. ते पाण्यातून येत नाहीत आणि झाडांतूनही येत नाहीत. जिथे पाणी संपतं आणि जमीन अजून सुरू झालेली नाही, त्या पट्ट्यातून ते येतात. आपण ज्यांच्यासाठी आलो ते तिथे आहेत.

त्या पट्ट्याला आपल्या भाषेत फार जुना शब्द आहे : थडी. गोदावरीच्या काठच्या साऱ्या प्रदेशाला गंगाथडी म्हणतात, आणि इथून जवळच्या एका गावाच्या नावातच ती आहे, खानगाव थडी. काठ म्हटलं की मनात एक रेघ उमटते. थडी म्हटलं की रेघ उमटत नाही, रुंदी जाणवते. हा शब्द दोन-तीनदा मनात म्हणा. मग समोर बघा. एव्हाना थोडं फटफटलेलं असेल.

काय दिसतं? चिखल दिसतो. करडा, तुकतुकीत, कुठे पाण्याचे पातळ पापुद्रे, कुठे लव्हाळ्याची बेटं, कडेला पाणकणसाची दाटी. आधी तो रिकामाच वाटतो. नजर त्याच्यावरून घसरून पुढे पाण्यातल्या बदकांकडे धावते, कारण ती मोठी आहेत, रंगीत आहेत, सहज सापडतात. तिला परत बोलवा. चिखलावरच ठेवा. वीस-पंचवीस श्वास जाऊ द्या. मग चिखलातलं एक ढेकूळ चालू लागतं. मग दुसरं. मग लक्षात येतं की ढेकळं समजून ओलांडलेल्या त्या साऱ्या पाठी होत्या, आणि थडीचा हा सबंध पट्टा जिवंत आहे.

पहिल्यांदा मला हे दिसलं तेव्हा काही क्षण मी श्वासच घेतला नव्हता. पक्षी नुकते उतरले नव्हते. मी यायच्या आधीपासून ते तिथेच होते.

आता हा चिखल आला कुठून, याच्याकडे वळू. नांदूर मध्यमेश्वरला गोदावरी आणि कादवा एकमेकींना भेटतात. त्या संगमाखाली, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, ब्रिटिश अमदानीत बंधारा घातला गेला, कालव्यांना पाणी मिळावं म्हणून. नद्यांनी आपल्याबरोबर गाळ आणला, दर पावसाळ्यात थोडा थोडा साचवला. पाणी उथळ झालं, मध्ये बेटं उभी राहिली, कडेला दलदल पसरली. धरण बांधणाऱ्यांच्या हिशेबात गाळ म्हणजे निव्वळ तोटा : जेवढा गाळ तेवढं पाणी कमी. पण शतकभर साठलेल्या त्या तोट्यावरच हे पक्षी उतरू लागले. १९८६मध्ये इथे अभयारण्य झालं, आणि पुढे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून याच जागेची नोंद झाली. जगभरच्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आपल्या राज्यातून पहिली गेली ती कुठल्या अस्पर्श सरोवराची नव्हे, एका जुन्या बंधाऱ्यामागच्या गाळाची नोंद. मला हे फार मोलाचं वाटतं.

इथली थडी एका जागी राहत नाही. वरच्या धरणांतून पाणी आलं की ती मागे सरते. कालव्यांना आवर्तन सुटलं की पाणी उतरतं आणि कालपर्यंत बुडालेली जमीन उघडी पडते. पक्ष्यांचं सारं लक्ष त्या उघडत जाणाऱ्या पट्ट्यावर असतं. खूप खोल पाणी त्यांच्या उपयोगाचं नाही, वाळून भेगाळलेली जमीनही नाही. त्यांना हवी असते नुकतीच ओसरलेली ओल.

याच नदीवर खाली पैठणला जायकवाडी धरणाचा जलाशय, नाथसागर आहे. माझं आजोळ त्याच्या काठचं. १९७६च्या सुमारास जायकवाडीचं धरण पुरं झालं तेव्हा मामांच्या वाट्याची जमीन पाण्याखाली गेली. ती कायमची गेली असं आम्ही मुलं समजत होतो. पण हिवाळा सरता सरता पाणी उतरू लागलं की मामा रोज संध्याकाळी काठाशी जाऊन उभे राहत. एखाद्या वर्षी पाणी पुष्कळ उतरलं की बांध दिसे, विहिरीचा कठडा दिसे. मग त्या ओल्या गाळात ते गहू-हरभरा टाकत. नांगर नाही, पाणी द्यायचं नाही, जमिनीच्या पोटातल्या ओलीवर जे येईल ते. त्या पेरणीला गाळपेर म्हणतात. ज्यांची जमीन धरणाने नेली त्या पुष्कळ घरांना हा शब्द ठाऊक आहे, आणि तो उच्चारताना त्यांच्या आवाजात काय काय असतं ते ऐकण्यासारखं आहे. पेरताना मामांच्या पुढे दहा-पंधरा हातांवर, पाण्याच्या कडेकडेने बारकी पाखरं धावत असायची. पाणी जितकं मागे जाईल तितकी तीही मागे जायची. मामांना त्यांचं नाव ठाऊक नव्हतं. “तीबी गाळपेरच करत्यात,” एवढंच म्हणायचे.

नावं मला पुष्कळ वर्षांनी कळली. तुम्हीही अजून नावांची घाई करू नका. पुस्तकागणिक ती बदलतात, आणि एकदा नाव सापडलं की पाहणं संपतं, हे मी स्वतःवरून सांगते. त्याऐवजी फक्त चाल बघा.

एक जण पळतो, थबकतो, मान तिरकी करतो, टिपतो, पुन्हा पळतो. तो चिखल्या. त्याचे डोळे मोठे, चोच आखूड. जे वर हललं ते त्याचं. दुसरा डोकं खाली घालून शिवणयंत्रासारखा टोचत जातो, थांबतच नाही. तो टिलवा, या साऱ्यांत लहान. तिसरा कडेने एकटाच चालतो आणि प्रत्येक पावलाला शेपटी खालीवर हलवतो. तो तुतवार. लांब गुलाबी काड्यांसारख्या पायांवर पाण्यात शिरलेला शेकाट्या. त्यातले काही इथे घरटीही करतात. आणि आणखी आत, पोटापर्यंत पाण्यात उभा राहून लांबलचक सरळ चोच मुळापर्यंत गाळात खुपसणारा पाणटिवळा. एकच चिखल, पण वरचा थर एकाचा, दोन बोटं खालचा दुसऱ्याचा, वीतभर खालचा तिसऱ्याचा. चोचींच्या लांबीने वाटण्या करून दिल्या आहेत.

त्या लांब चोचीपाशी थोडं थांबू या. आपल्याला चोच म्हणजे नखासारखी बधिर गोष्ट वाटते. पाणटिवळ्याच्या, पाणलाव्याच्या चोचीच्या टोकाशी मात्र हाडात बारीक बारीक खळगे असतात आणि त्यांत स्पर्श जाणणाऱ्या नसांची टोकं दाटीने बसलेली असतात. गाळात चोच शिरली की ओल्या चिखलातला दाब किंचित बदलतो, आणि जवळच दडलेला किडा प्रत्यक्ष न शिवताही पक्ष्याला जाणवतो. मग चोचीचं फक्त टोक उघडतं. बाकीची चोच मिटलेलीच राहते, कारण चिखलात सबंध चोच उघडायला जागा कुठली? अंधारात, न दिसणाऱ्या जागी, टोकाशी एवढीशी फट, आणि घास आत.

आणि घास तरी कसला? डासासारख्या दिसणाऱ्या माश्यांच्या लाल अळ्या, गांडुळाच्या जातीचे बारीक किडे, कणीएवढे शंख. त्या अळ्या लाल असतात कारण त्यांच्या अंगात आपल्या रक्तातल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं. गाळाच्या पोटात प्राणवायू अगदी कमी, तो धरून ठेवायला त्यांना ते लागतं. तुम्ही आता ज्या चिखलाकडे पाहता आहात त्यात अशा कितीतरी आहेत. त्या तुम्हाला दिसणार नाहीत. त्यांच्यावर नजर ठेवायचीही गरज नाही. फक्त त्या तिथे आहेत, एवढं ध्यानात असू द्या आणि पुन्हा त्या रिकाम्या वाटलेल्या करड्या पट्ट्याकडे पाहा.

एव्हाना सूर्य वर आला असेल. पाठीला ऊब लागेल. आता दुर्बीण लावा. कळपातला सगळ्यांत लहान टिलवा धरा आणि त्याच एकाबरोबर राहा. तो इकडेतिकडे गेला तर तुम्हीही जा. हरवला तर दुसरा धरू नका, त्यालाच शोधा.

त्याचं वजन वीस-तीस ग्रॅम. येताना ज्या बागा लागल्या त्यांतले चांगले पोसलेले पाच-सहा द्राक्षमणी तळहातावर घ्या, एवढा तो भरेल. तळहात उघडून तेवढं वजन कल्पनेत खरंच जोखून पाहा. हा जीव सायबेरियाच्या उत्तर टोकाला, झाडंही उगवत नाहीत अशा टुंड्रात जन्मतो. तैमीरच्या किनाऱ्यापासून निफाडपर्यंत सरळ रेघ ओढली तरी सहा हजार किलोमीटरच्या आसपास भरते, आणि मध्ये वाळवंटं आहेत, डोंगरांच्या रांगा आहेत. निघण्याआधी तो खाऊन खाऊन अंगावर चरबी चढवतो. दिशा त्याला सूर्यावरून, ताऱ्यांवरून, पृथ्वीच्या चुंबकत्वावरून कळते.

पण मला सगळ्यांत हलवून टाकते ती वेगळीच गोष्ट. या जातींमध्ये पुष्कळांत थोरली पाखरं आधी निघून जातात. पिल्लं अंड्यातून बाहेर आल्यावर काही तासांतच आपलं आपण टिपून खाऊ लागतात, आणि त्यांना धड उडता येतं न येतं तोच आईबाप दक्षिणेला लागलेले असतात. पिल्लं त्यांच्यानंतर काही आठवड्यांनी निघतात. ज्यांनी ही वाट कधी पाहिली नाही अशी, दोन-तीन महिन्यांची. २०२२च्या ऑक्टोबरात पाणटिवळ्याच्या भावकीतलं, शेपटीवर पट्टे असलेलं एक पिल्लू अलास्काहून निघालं आणि अकरा दिवस कुठेही न टेकता टास्मानियाला उतरलं. पाठीवरच्या यंत्राने त्याचं अंतर मोजलं, १३,५६० किलोमीटर. वय साधारण पाच महिने. खाली सगळा समुद्र, आणि त्या पक्ष्याला पाण्यावर बसता येत नाही.

तुम्ही धरून ठेवलेला टिलवाही कदाचित तसंच एक पिल्लू असेल, पहिल्याच हिवाळ्यात आलेलं. या जागेबद्दल त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. तरी तो आत्ता इथे आहे, आणि खातो आहे. याच्यावर विचार करू नका. त्याला खाताना पाहत राहा. एक घास, आणखी एक.

वर्तमानपत्रांत दर नोव्हेंबरात मथळा येतो : परदेशी पाहुण्यांचं आगमन. मला तो शब्द कधी पटला नाही. टुंड्रातला उन्हाळा दीड-दोन महिन्यांचा. तेवढ्यात अंडी, पिल्लं, आवराआवर. उरलेल्या वर्षातला मोठा भाग ही पाखरं दक्षिणेच्या थड्यांवर घालवतात. ऑगस्ट-सप्टेंबरात पहिली येतात, शेवटची निघायला एप्रिल उजाडतो, कधी मे. वर्षाचे सात-आठ महिने जो ज्या घरी राहतो त्याला त्या घरचा पाहुणा कसं म्हणायचं? आपल्याकडे लेकी बाळंतपणाला माहेरी जातात, तशी ही उत्तरेला जातात. लेकरू झालं की परत आपल्या घरी. घर इथे आहे. मी त्यांना पाहुणे म्हणते तेव्हा नकळत असंही म्हणून जाते की त्यांच्या जाण्यायेण्याची, खाण्यापिण्याची जबाबदारी दुसऱ्या कुणाची तरी आहे.

तसं मला म्हणायचं नाही. म्हणून एक सांगते, आणि कळकळीने सांगते. कळप उडवू नका. मी इथे माणसं चिखलात उतरताना पाहिली आहेत. उडत्या थव्याचा फोटो हवा म्हणून टाळ्या वाजवताना, खडे टाकताना पाहिली आहेत. प्रत्येक वेळी तो थवा उठतो तेव्हा चोचीने कणाकणाने जमवलेलं थोडं इंधन जळतं. एकदा उठला तर फार बिघडत नाही. पण एका रविवारी तो वीसदा उठतो. मार्च-एप्रिलात तर ही पाखरं जाण्यासाठी अंग भरत असतात, आणि तेव्हा गेलेला अर्धा ग्रॅमही त्यांना पुढे कुठेतरी, एखाद्या वाळवंटावर, कमी पडू शकतो. आपण ते कधीच पाहणार नाही.

बसूनच राहा. काही न करता बसणं ही इथे त्यांना करता येण्याजोगी मोठी मदत आहे.

त्यांचा थवा उडताना पाहायचा असेल तर तो दिसेल, फक्त थांबावं लागेल. पाणकणसांवरून भोवत्या, हा शिकारी पक्षी, खाली खाली तरंगत येईल. आधी टिटवी ओरडेल. मग एका क्षणात सारा चिखल उचलला जाईल. पाठी दिसतात तेव्हा थवा मातकट. तो एकदम वळतो आणि पोटं दिसतात तेव्हा पांढरा लखलखाट. पुन्हा वळतो आणि जणू हवेत विरून जातो. कुणी पुढारी नाही, कुणी मागे राहत नाही. एक चक्कर, दोन चकरा. भोवत्या पुढे निघून जातो. थवा उतरतो आणि पंख मिटता मिटताच चोची गाळात जातात. मघाशी मरण डोक्यावरून गेलं याची कसलीही खूण त्यांच्या चालीत उरत नाही.

इथे स्वतःकडे एकदा बघा. तुमची छाती अजून धडधडते आहे. त्यांची शांत झाली असेल का, ते मला सांगता येणार नाही. पण त्यांनी खायला सुरुवात केली आहे. आपल्यालाही पुन्हा पाहायला सुरुवात करता येते. श्वास सावकाश सोडा. परत त्या पट्ट्यावर या.

कधी कधी एखाद्या पायात बारीक कडं दिसतं. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने १९५९पासून, सलीम अलींच्या पुढाकाराने, पक्ष्यांच्या पायांत अशी कडी घालायला मोठ्या प्रमाणावर सुरुवात केली. कड्यावर एक क्रमांक असतो आणि सोसायटीला कळवा, अशी विनंती. हजारो पायांतून पाठवलेली पत्रं. बहुतेकांची उत्तरं कधीच येत नाहीत. कडं दिसलं तर क्रमांक वाचायचा प्रयत्न जरूर करा, पण त्यासाठी एक पाऊलही पुढे टाकू नका.

उन्हं चढली की हालचाल मंदावते. काही पाखरं एका पायावर उभी राहून चोच पाठीच्या पिसांत खुपसतात. तुमचा टिलवा आता तसा उभा असेल. मधूनच त्याची पापणी उघडते, मिटते. त्याच्या मागे, दूर, पाण्यात एक माणूस चप्पूवर बसून जाळं काढतो आहे. पलीकडच्या थडीला ऊस, त्याच्यामागे मोटारीचा आवाज. हे सारं एकाच चौकटीत आहे, आणि ते तसंच असू द्या. ऊस आणि मोटार वगळून पाहायची मला पूर्वी सवय होती. आता नाही. हा गाळ त्या साऱ्यांचाच आहे.

उठा आता, हळूच. आधी गुडघे मोकळे करा, मग उभे राहा, म्हणजे सावली एकदम पुढे पडणार नाही. जाताना काठाच्या अलीकडच्या ओल्या जागेत वाकून पाहा. तीन बोटांचे ठसे दिसतील, एकात एक गुंतलेले, आणि त्यांच्यामधून चोचींची भोकं, शिवणीच्या टाक्यांसारखी. ताज्या ठशांत पाणी झिरपून भरतं आहे. मामांचा गहू असाच ओळी न धरता उगवायचा.

गेटवर मुलगा वहीत गाड्यांचे नंबर लिहीत असतो. किती पाहिले, असं तो विचारतो. मी सांगते, एक. तो हसतो आणि म्हणतो, परवा आवर्तन सुटणार आहे, ताई, पाणी उतरेल. म्हणजे ही थडी रविवारपर्यंत आणखी आठ-दहा पावलं आत जाईल.